शिफ्ट इनचार्ज बाई

भाची नेलपॉलिश काढायला बसली आणि त्या ॲसिटोनच्या वासाने मी थेट मानपाड्याच्या कारखान्यात जाऊन पोचले. शिफ्ट इनचार्ज होऊन मला जेमतेम आठवडा झालेला. त्या जागेवरची मी पहिलीच बाई. भर दुपारी पंपाच्या सांध्यातून ॲसिटोन गळायला लागलं, वाफेने डोळे चुरचुरायला लागले. एक ठिणगी पुरली असती. "सगळं बंद करा, बाहेर चला!" मी ओरडले. कुणी हललं नाही. सगळ्यात जुने ऑपरेटर काका हसून म्हणाले, "मॅडम, एवढं तर रोजच गळतं. तुम्ही जा केबिनमध्ये." मी समजावलं, दम दिला, शेवटी रडत रडत त्यांचे हात धरले. "काका, पाया पडते तुमच्या, चला ना!" माझी कीव येऊनच ते उठले, त्यांच्यामागून बाकीचे. आम्ही गेटपाशी पोचतोय तोच शेडने पेट घेतला. कुणाला साधं खरचटलंही नाही. संध्याकाळी मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई रडकी आहे, पण नशीबवान हां!" सगळे हसले. मीही हसले. आज अख्खा प्लँट माझ्या हाताखाली आहे, तरी काही सांगितलं की समोरचा जागचा उठेपर्यंत माझा श्वास अडकलेलाच असतो.