गुळाविना धिरडी

माझ्या सासरी रविवारी सकाळी गुळाची धिरडी होत. घरचा देव खंडोबा, त्याचा वार रविवार, म्हणून पहिलं धिरडं देवाला आणि बाकीची आम्हाला. सासरची माणसं कित्येक पिढ्या बंगलोरात राहिलेली. घरात मराठीच बोलत, पण पुण्याहून आलेल्या मला ती मराठी सुरुवातीला कान देऊन ऐकावी लागे. धिरड्यांना ते ‘गोड दोसे’ म्हणत. मी ‘धिरडी’ म्हटलं की सासूबाईंना हसू येई आणि त्या हसल्या की मला राग येई. राग यायला मला फार मोठं कारण लागत नाही, हे घरातल्यांना एव्हाना कळलं होतं.

सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले. सासरे अण्णा. त्यांचं बंगलोरातल्याच शिवाजीनगरला शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि घर जे. पी. नगरात, त्यामुळे आठवडाभर सकाळी लवकर बस पकडायची आणि दिवेलागणीला परतायचं. रविवार तेवढा घरचा. त्या दिवशी ते स्वयंपाकघरात पाटावर बसत. धिरडं तव्यावरून थेट ताटात पडलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. खाता खाता सगळ्यांची थट्टा चाले, त्यात माझी जास्त. परक्या गावात मला आपलं असं काही वाटलं असेल, तर ते पहिल्यांदा त्या पाटांवर.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात कधीतरी अण्णांच्या पायाची जखम भरेना, म्हणून रक्त तपासलं आणि साखर निघाली. डॉक्टरांनी गूळ, साखर, मिठाई सगळं बंद केलं. एवढा गोडखाऊ माणूस, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. आम्हाला आधी त्याचं कौतुक वाटलं. मग थोड्याच दिवसांत त्यांनी रविवारी आत येणंच सोडलं. आम्ही खायला बसलो की ते आपली भाकरी-भाजी घेऊन बाहेरच्या खोलीत जात आणि पेपर वाचत खात. देवासाठी धिरडी होतच होती, पण अक्का एखादं कसंबसं घशाखाली ढकलून उठत. माझा नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आपल्या कंपनीतलं काहीतरी सांगायला सुरुवात करी आणि मध्येच गप्प होई. मला तर ते स्वयंपाकघर खायला उठायचं. अण्णा परत पाटावर येऊन बसायला हवेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, गुळाऐवजी नुसत्या केळ्याच्या गोडीची धिरडी चालतील का? ते म्हणाले, “केळ्यातही साखर असते हो. पण पीठ जास्त, केळं कमी, असं असेल तर एक खाऊ देत. फार तर दीड. आणि त्या दिवशी भात कमी.” दीड तर दीड, मला तेवढं पुरे होतं.

मग दुपारी घरात कुणी नसताना माझे उद्योग सुरू झाले. इथली ती छोटी वेलची केळी, येलक्की म्हणतात ती, साल काळपट होईपर्यंत ठेवायची, म्हणजे थोडक्यात काम भागतं. ती कुस्करून त्यात नाचणीचं पीठ, थोडी कणीक, ओलं खोबरं, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. पहिलं धिरडं बिडाच्या तव्याला असं चिकटलं की ते खरवडूनच खावं लागलं. दुसऱ्या दिवशी बाहेरून काळं आणि आतून कच्चं. केळ्यामुळे ते लवकर करपतं, हे हात भाजून घेतल्यावर कळलं. आच मंद ठेवायची, तव्यावर अर्धा कांदा फिरवायचा, झाकण घालायचं आणि धीर धरायचा. यातला धीर सोडून सगळं मला लवकर जमलं. हळूहळू धिरडी जाळीदार, मऊ उतरायला लागली. गोडी अगदी हलकी, पण होती. मी स्वतःवरच खूश झाले.

त्या रविवारी ‘आज गूळ नाही, नुसतं केळं’ असं अक्कांना आणि नवऱ्याला सांगून मी सकाळीच पीठ भिजवलं, वर ताट झाकलं आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. खाली आले, धिरडी घातली, पहिलं देवाला दाखवलं. मग बाहेर जाऊन म्हणाले, “अण्णा, आज गूळ घातलेला नाही. नुसतं केळं आहे. डॉक्टरांना विचारून केलंय. आत चला.”

अण्णांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि उठले. पाटावर बसले. मी धिरडं वाढलं, त्यांनी एक घास तोंडात घातला, आणि चावता चावता थांबले.

“यात गूळ आहे,” ते म्हणाले.

“मुळीच नाही. मी स्वतः भिजवलंय पीठ.”

“अगं, साखर झालीये मला, जीभ नाही गेली माझी.”

माझा चेहरा उतरला. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि पाहते तर काय, धिरडं पाकात बुडवून काढावं तसं गोड. मी वळले. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. नवऱ्याला एकाएकी तहान लागली होती.

झालं होतं ते असं. देवाला दाखवायचं ते आधी चाखायचं नाही, हा घरचा नियम. माझ्या दुपारच्या उद्योगांचा अक्कांना पत्ता नव्हता. नुसत्या केळ्यानं काय गोड होणार, असं मी गच्चीवर गेल्यावर त्यांच्या मनात आलं, आणि चाखून तर बघता येईना.

“स्वल्पच घातला गं गूळ,” त्या म्हणाल्या. “फिकं लागलं असतं तर पुन्हा आत आले नसते हे.”

“तू गूळ घातलास?” नवरा म्हणाला. “मग मी मध कशाला घातला!”

“मध?” मी ओरडले.

“मध म्हणजे काही साखर नव्हे.”

मग मी जी सुरू झाले ती थांबेचना. इतक्या दिवसांची मेहनत, डॉक्टर, भाजलेली बोटं, सगळा पाढा वाचला. अक्कांना बोलले, नवऱ्याला तर फारच बोलले. देवाच्या नियमावरही तोंड टाकणार होते, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “पुरे. भांडू नका.”

ताट त्यांनी बाजूला सरकवलं होतं. एका घासाच्या पुढे खाल्लं नव्हतं. रागावले असतील असं मला वाटलं, पण त्यांचा आवाज शांत होता.

“मला गोड नाही मिळत त्याचं काही वाटत नाही गं. गेलं ते गेलं. पण मी इथं बसलो की तुम्ही तिघं माझ्या ताटाकडे बघता. हिचा घास घशात अडकतो. हा माझी नजर चुकवून खातो. तू तर आपलं ताट पदराआड धरतेस. म्हटलं, आपण बाहेर बसावं, निदान तुम्ही तरी पोटभर खाल.”

मला रडूच आलं. ते बाहेर गेल्यापासून घरात कुणी पोटभर खाल्लंच नव्हतं, हे त्यांना सांगायला तोंड उघडलं, पण हुंदक्यात ते नीट सांगताही येईना. अखेर अक्काच म्हणाल्या, “तुम्ही बाहेर गेलात तेव्हापासून मला इथं जेवण जात नाही, कळलं?” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अक्का त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडल्या असाव्यात. अण्णा गडबडून गेले.

पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी एकच पीठ भिजवलं. देवाच्या वाटणीचं अक्कांनी आधीच वाटीत काढून ठेवलं आणि उरलेलं मी सगळ्यांसमोर चाखून बघितलं. गुळाला आणि मधाच्या बाटलीला कुणी हात लावला नाही. चौघं पाटावर बसलो. अण्णांनी एक धिरडं खाल्लं, मग अर्धं. आम्ही तिघंही आपापल्या ताटात बघून खात होतो, जरा जास्तच मन लावून.

“अजून एक?” अण्णांनी विचारलं.

“साकु,” अक्का म्हणाल्या. पुरे.

“सरी,” अण्णा म्हणाले. बरं. मी हातातला घास तसाच धरून बसले, आता हे उठणार म्हणून. त्यांनी ताटातच हात धुतला, पंच्याला पुसला, मांडी बदलली, आणि आमचं सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत पाटावरून हलले नाहीत.