शांततेचा बंदोबस्त

“अरे ए, कोण खोकलं तिकडं? तोंडात बोळा कोंबा त्याच्या! आत परीक्षा चाललीय, परीक्षा! एक जरी आवाज आला ना, एकेकाला शेततळ्यात बुडवीन!”

शांतता राखायची ही माझ्या मोठ्या काकांची पद्धत. काकांचा आवाज म्हणजे साधासुधा आवाज नव्हे. मळ्यात उभं राहून त्यांनी हाळी दिली, की तिकडे देवळाली कॅम्पात तोफा डागणारे जवान हातातलं काम टाकून आभाळाकडे बघतात, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय, आणि अजून एकाही जवानाने येऊन ते खोटं ठरवलेलं नाही.

मी आत होतो. फवारणीची औषधं ठेवायच्या खोलीत, कॅन आणि पोती एका बाजूला सारून, लॅपटॉपसमोर. काकांचं ‘बुडवीन’ अजून भिंतींवर आपटत होतं, तोच पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. तिच्यात इंग्रजीत दोनच वाक्यं. खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला आहे. पुन्हा आल्यास परीक्षा रद्द करण्यात येईल.

कॅमेऱ्यातून माझ्यावर पहारा ठेवणारा हा कोण, कुठल्या देशात बसलेला, बाई की बुवा, काही कळायला मार्ग नाही. त्याला मी दिसत होतो, मला तो नाही. सकाळी त्याने माझ्याकडून खोलीच्या चारही भिंती कॅमेऱ्यात दाखवून घेतल्या, घड्याळ उतरवायला लावलं, बाह्या वर करायला लावल्या. भिंतीवरचं द्राक्षाच्या औषधांचं वेळापत्रक त्याला संशयास्पद वाटलं. तेही काढायला लावलं. नियम त्याने आधीच सांगितले होते. खुर्चीतून उठायचं नाही. बोलायचं नाही. नजर पडद्यावरून हलवायची नाही. आता काकांना गप करायला उठलो तर मी बाद, खिडकीतून ओरडलो तर बाद, आणि तसाच बसून राहिलो तर काका मला बाद करणार, हे उघड होतं.

आणि बाद होऊन चालणार नव्हतं.

तसं पाहिलं तर सर्टिफिकेटांची मला कधी वाण पडली नाही. एके काळी माझ्याकडे इतकी होती, की लग्न ठरवताना सासऱ्यांनी पत्रिका बाजूला ठेवून तीच जुळवली. पण या कागदांना दुधाच्या पिशवीसारखी तारीख असते. पहिल्याची शाई वाळते न वाळते तोच तो नासतो, आणि कंपनी म्हणते, नवीन आणा. नवीन म्हणजे नवीन ज्ञान असंही नाही. जी यंत्रणा मी बारा वर्षं रोज हाताळतोय, तिच्यातल्या बटणांची नावं बदललेली असतात. कागदाने काम येत नाही हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. पण कागद नसेल तर कामाला हात लावू देत नाहीत, हेही ठाऊक. मी त्यावर पूर्वी भरपूर विनोद करायचो.

मग विनोदाला हसणारी माणसं कमी व्हायला लागली. म्हणजे खरोखरच कमी. घरून काम करणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे फक्त मीटिंगच्या चौकोनांत दिसतात. एका सोमवारी एक चौकोन नसायचा. कुणी विचारायचं नाही. निरोपाचा केक नाही, भाषण नाही. त्या माणसाला सकाळी लॉगिनच होत नसे, एवढंच. गेलेल्यांत माझा बरोबरीचा मित्र होता, माझ्यापेक्षा दुप्पट हुशार. त्याला शेवटचा मेसेज टाकला तो अजून तिथेच लोंबकळतोय, न वाचलेला. आणि मग पुण्याहून आमच्या मॅनेजरने सांगितलं: महिनाअखेरपर्यंत ज्यांच्याकडे हे नवीन सर्टिफिकेट असेल, तेच प्रोजेक्टवर राहतील.

परीक्षेची मिळालेली तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. नाशिकच्या फ्लॅटमध्ये बसावं तर वरच्या मजल्यावर फरशा कापणं चालू. यंत्राचा आवाज असा, की दातांतलं सिमेंट निघावं. म्हणून वणी रस्त्याला मळ्यातल्या घरी आलो. तिथे नेट चांगलं आणि शांतता भरपूर, असा माझा हिशोब. मात्र घड पिकले होते हे मी विसरलो. द्राक्षात साखर भरली, की पाखरं उतरतात, आणि मग उजाडल्यापासून मावळेपर्यंत आमचा सगळा मळा ओरडत असतो. डबे वाजतात, पत्रे वाजतात, शिट्ट्या, आरोळ्या. त्या दिवसांत आमच्याकडे गप बसलेला माणूस म्हणजे एक तर आजारी, नाही तर रुसलेला.

सकाळी चहा घेताना मी काकांना एवढंच म्हणालो, “काका, दोन तास माझ्या कानावर कुणाचा आवाज यायला नको. आवाज आला तर नोकरी गेली.”

काकांनी कप खाली ठेवला. “कुणाची हिंमत हाय?” ते म्हणाले. “तू आत जाऊन बस. बाहेरचं मी बघतो.”

काकू म्हणाल्या, “आन् पाखरं?”

“पाखरं खातील. काय सगळा बाग घेऊन जात्यात का?”

हे वाक्य काकांच्या तोंडून आयुष्यात कुणी ऐकलं नसेल. मी खूश झालो, आणि आत जाऊन बसलो.

चौकट उघडल्यानंतर मी पुढचा प्रश्न वाचायला लागलो, पण अक्षरं जागेवर थांबेनात. कान बाहेर होते. आधी बांधावरचा डबा थांबला. मग लांबचा पत्रा. मग कुणाचा तरी मोबाईल गात होता तो. मोटर बंद झाली. कुत्रं एकदाच केकाटलं आणि गप झालं. मळा असा चिडीचूप होत गेला, की मला माझ्या चष्म्याच्या दांडीची करकर ऐकू यायला लागली, आणि वर छपराजवळून पाखरांचा एक भला मोठा थवा बिनधास्त खाली उतरल्याची फडफड. त्यानंतर राहिली फक्त चपलांची चाल. ओल्या मातीतून, मग अंगणातून, मग ओट्यावरून.

मी मनातल्या मनात काकांना विनवत होतो. काका, तिथूनच मागे फिरा. काका, पाखरं बघा. दाराला आतून कडी नव्हती. औषधांच्या खोलीला आतून कडी कशाला कोण बसवेल? पाठीमागे दार हळूच सरकलं. नजर हलवता येत नव्हती, म्हणून मी पडद्याच्या वरच्या कडेला दिसणारं माझंच छोटं चित्र बघत राहिलो. त्यात माझ्या खांद्यामागे आधी पांढरी टोपी आली, मग काकांचा चेहरा. चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या.

ते वाकले. तोफांना लाजवणारा तो माणूस, उभ्या जन्मात पहिल्यांदा कुजबुजला.

“सगळे गप केलेत बघ. आता बिनघोर लिही.”

आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पडदा पांढरा झाला. मध्यभागी एक ओळ आली, ती वाचायची मला गरज नव्हती. पुन्हा बसायचं तर वाट पाहावी लागणार होती, आणि तोवर महिना उलटणार होता.

“बंद झालं?” काका म्हणाले, अजूनही कुजबुजत. “म्हंजे संपला पेपर?”

“संपला, काका.”

“मंग आता ओरडू द्यायचं ना सगळ्यांना?”

“द्या.”

ते बाहेर गेले. क्षणात मळ्यात डबे, पत्रे, शिव्या, सगळं एकदम सुटलं. मी त्या गदारोळातून रस्त्याच्या कडेपर्यंत चालत गेलो आणि मॅनेजरला फोन लावला. आयुष्यभर लोकांना भोपळ्याएवढ्या थापा मारल्या, पण त्याला सगळं जसं घडलं तसं सांगितलं. काकांचा आवाज, पाखरांना सोडून दिलेला बाग, हातातल्या चपला, कुजबुज. एक शब्द वाढवला नाही. माझं झाल्यावर तिकडून थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “मग तुमच्या नावापुढे ‘नाही’ लिहितो.”