वेशीत उतरवलेला नवरदेव

बापाच्या कानशिलात बसली तेव्हा त्याच्या हातात माझ्या भावाची लग्नपत्रिका होती. आमचं गाव राहुरी तालुक्यातलं. माजी सरपंचाच्या ओट्याखाली उभं राहून बाप एवढंच बोलला होता, की वरात घोड्यावरून निघेल.

"वेशीत घोडं सोडायचं. तुमच्यातलं कोन आजवर वेशीतून घोड्यावर ग्येलंय रं?" सरपंच म्हणाला. "आन तू तर दोन दादल्यांच्या बाईची अवलाद. तुला वरात पायजे व्हय?"

ओट्यावरचे खिदळले. बापानं खाली पडलेली पत्रिका उचलली. पुसली. आणि सरपंचाच्याच पायाशी ठेवली.

त्या पुसण्यानं माझं डोकं फिरलं.

आजीनं दोन नवरे केले, ही शिवी आमच्या घराच्या वाटणीला आलेली. शाळेत, नळावर, बांधाच्या भांडणात. बापानं आजीला कधी विचारलं नाही. लाजेनं. स्वतःच्या आईची लाज!

मी विचारायचं ठरवलं. आजी तर गेलेली. पण वस्तीतल्या लग्नांची वही दगडूनानांकडे. नव्वदीचा म्हातारा, त्या काळी लिहिता येणारा एकटाच. पेटीतून वही काढली. एका पानावर आजीचं लग्न, आजोबांच्या थोरल्या भावाशी. चार महिन्यांनी पुन्हा आजीच नवरी, नवरा माझे आजोबा. थोरल्याच्या नावावर आडवी रेघ. माणूस मेला की नाना अशी रेघ मारायचे. कशानं मेला, ते नाही.

"लग्नाच्याच दिशी ग्येला," नाना म्हणाले आणि वही मिटली.

नगरला वाचनालयात तीन दिवस जुनी साप्ताहिकं चाळली. सापडल्या चार ओळी. दारूच्या नशेत नवरदेव घोड्यावरून पडून ठार. गाव आमचं. त्याचं नावसुद्धा छापलेलं नव्हतं.

नानांना वाचून दाखवलं. म्हातारा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला लागला.

"थेंबभर पीत न्हवता त्यो, पोरी! गाववाल्यांनी वेशीत खाली वढला. पहारीनं मारला. बाशिंग कपाळात रुतलं हुतं. पडला म्हून समद्यांनी अंगठं दिलं. म्या सही क्येली."

पुढं वस्तीनंच आजीचा धाकट्या दिराशी पाट लावला. म्हणजे नवरा गावानं मारायचा, आणि बाईला छिनालही गावानंच म्हणायचं.

वहीची दोन पानं, ती बातमी, नानांचा जबाब. सगळं एका पत्रकावर छापलं. वेशीच्या भिंतीला मी माझ्या हातानं चिकटवलं. सरपंचाच्या पुतण्यानं केस धरून मला त्याच भिंतीवर आपटलं. पुढचे दोन दात गेले.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणतो, "ताई, वरात मागल्या रस्त्यानं न्या की. कशाला डोक्याला ताप?"

तोंडातलं रक्त त्याच्या टेबलावर सांडत होतं. मी उठले नाही. तक्रार लिहून घ्यावी लागली.

बापानं पत्रक दोनदा वाचलं. पहिल्यांदाच मोठ्यानं "माझी आई" म्हणाला आणि भिंतीवर डोकं आपटत राहिला. मग म्हणाला, "पोराला मारत्याल गं."

मारतील. खोटा धीर मी देत नाही. भावालाही हेच सांगितलं. तो म्हणाला, "बसनार."

रविवारी वरात आहे. लगाम मी धरणार. हात तोडले तर दातांत धरीन, उरलेत तेवढ्यांत. वेशीत घोडं थांबणार नाही.