आमच्या गाडीचं डिप्रेशन

हे कोणाला सांगायचं नाही, असं मला बजावलं आहे. मी वर्गातही फारशी बोलत नाही, त्यामुळे न सांगितलेलं सगळं माझ्याकडे साठत जातं. त्यात आमच्या अंगणात दर रविवारी एक तरी किस्सा घडतोच, कारण दर रविवारी बाबा गाडीखाली असतात! वहीत लिहिलं तर ते सांगणं होत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो आणि शेत आहे नांदगाव खंडेश्वरला. तिथल्या काळ्या मातीत पावसाळ्यात साधी गाडी रुतून बसते, म्हणून बाबांनी जुनी फोर-व्हील पिकअप घेतली. ती शेतात कमी आणि गॅरेजमध्येच जास्त राहू लागली. शेवटी आईने निकाल दिला, "दसऱ्याच्या आत एकदा जरी गॅरेजले गेली, तं विकायची!"

तेव्हापासून बाबा सगळी कामं घरीच करतात.

*

मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्यात दातेरी चक्रं ऑइलमध्ये बुडालेली असतात. फोर-व्हील असल्यामुळे आमच्या गाडीला असा गोळा पुढेही आहे. त्याला डिफरन्शियल म्हणतात. शेजारचे रशीदचाचा बसच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आहेत आणि ते त्याला आयुष्यभर ‘डिप्रेशन’ म्हणत आले. आता बाबाही तेच म्हणतात.

बाबा त्यातलं ऑइल बदलत होते, त्या रविवारी चांदूर रेल्वेहून आत्याचा फोन आला. बाबा गाडीखालूनच बोलले, "काही नाही वं, डिप्रेशन आहे. आतून सगळं काळं काळं निघून राहिलं. मागचं झालं, समोरचं बाकी आहे."

संध्याकाळच्या आत आत्या पिशवी घेऊन दारात हजर! डोळे भरलेले. गाडीखालून बाबांचे फक्त पाय दिसत होते. तिने तेच धरले.

"दादा, मनात ठेवू नोको. काय पायजे ते सांग मले."

बाबा म्हणाले, "चोवीसचा पाना!"

*

चाचांचा एक नियम आहे. आधी वरचं, ऑइल भरायचं बूच उघडून पाहायचं, मगच खालचं काढायचं. बाबांनी घाईत आधी खालचं काढलं. ऑइल गेलं परातीत, आणि वरचं बूच काही केल्या हलेना!

चाचांनी शांतपणे बिडी विझवली. "भाऊ, अब गाडी उपाशी आहे. तिले चालवताबी येत नाही अन् तोंड बंद, तं खाऊबी घालता येत नाही."

खिडकीतून आईचा आवाज आला. फार गोड आवाज होता.

"गॅरेजवाल्याले फोन लावू का?"

"नाही, नाही! ऑइल निथळून राहिलं!"

असं ते तीन दिवस निथळत होतं. चौथ्या दिवशी चाचांनी पान्याला लांब पाइप लावला, दोघंही त्यावर लोंबकळले तेव्हा कुठे बूच सुटलं. आई म्हणाली, "तूपबी कोणी एवढं निथळू देत नाही बाप्पा!"

*

जुन्या ऑइलला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. परात अंगणात, आणि वारा स्वयंपाकघराकडे. आईने धावत जाऊन सिलिंडर बंद केला आणि एजन्सीच्या माणसाला बोलावलं.

त्याने नळीला साबणाचं पाणी लावलं, शेगडी हुंगली, ओटा हुंगला. बाबांनी पायही गाडीखाली ओढून घेतले. शेवटी तो माणूस हुंगत हुंगत अंगणात आला आणि वाकला.

"भाऊ, लीक इथी आहे."

*

नवीन ऑइल खालून वर चढवावं लागतं. पंप नव्हता म्हणून बाबांनी माझी होळीची पिचकारी घेतली. ती धुतली होती का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गोळा भरून ऑइल बाहेर ओघळलं, ते गुलाबी!

चाचा बघतच राहिले. "पैंतीस साल काम केलं, पण लाजणारी गाडी पहिल्यांदाच पाहिली!"

सगळं पुन्हा काढावं लागलं.

*

समोरचं काम मागच्या रविवारी झालं. बूच लावल्यावर चाचा म्हणाले, "उद्या सांजेपर्यंत थेंब नाही गळला, तं जमलं. गळला, तं गॅरेजशिवाय इलाज नाही." बाबांनी खाली रविवारचा पेपर अंथरला आणि सोमवारी सकाळी बसने अमरावतीला गेले.

दुपारी मी शाळेतून आले, तर पेपरवर तळहाताएवढा डाग! आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायात जोडवी.

आईने पदर खोचला होता. दात-ओठ खाऊन तिने बूच आवळलं, फडक्याने पुसलं आणि बाहेर न येताच म्हणाली, "चाचाच्या घरून रविवारचा पेपर आन. आजचा नोको, हे तारीख पाहतात."

संध्याकाळी बाबा गुडघ्यांवर बसले, पेपर उजेडात धरला आणि ओरडले, "एक थेंब नाही! पाहून घे!"

"हाव," आई म्हणाली. "मानलं तुमाले."

रात्रीच्या भाकरी थापायच्या आधी ती मोरीत नखातलं काळं काढत बसली होती. मी विचारलं, "आई, तुले तं गाडी विकायची होती ना?"

तिने मागे वळून दार पाहिलं. मग अगदी हळू आवाजात सांगितलं, की मागच्या महिन्यात बाबा गावाला गेले होते, तेव्हा तिने खुंटीवरची गाडीची चावी घेतली, मावशीला शेजारी बसवलं आणि त्या दोघी थेट—

बाबांची हाक आली, "छकुले! काय लिहून राहिली वं मघापासून? इकडे ये, अन् येताना वही आन!"