चातुर्मासात सोडलेला फटका

अकोल्याच्या जठारपेठेतले चिंतामणराव पिंपळखुटे कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर, पण जीव सगळा टेनिसात. खेळ कसला म्हणा! चेंडू दिसला की डोळे मिटून हाणायचा, एवढीच विद्या. निम्मे चेंडू क्लबाच्या भिंतीपलीकडच्या बाभळीत. दरवर्षी क्लबाच्या कपाच्या सामन्याला अमरावतीचे केशवराव वकील यायचे, नुसते उभे राहायचे आणि कप घेऊन जायचे. शिवाय जाताना विचारायचे, "काहून हो चिंतामणराव, चेंडूवर एवढा राग कायले?"

अठ्ठावन्न साली मात्र रोज नवऱ्याच्या खांद्याला तेल चोळून ताराबाई वैतागल्या. चिंतामणराव दर चातुर्मासात मोठ्या भक्तीने कारली सोडायचे. कारली त्यांना मुळात आवडायचीच नाहीत. आषाढीला ताराबाईंनी तेच धरले.

"कारल्याचं पुण्य पुरे! खरं आवडतं ते सोडा. तो फटका सोडा. आणि यंदाही हरलात, तर रॅकेट माळ्यावर. पुन्हा खाली उतरायची नाही, सांगून ठेवते."

काय करता बिचारे? देवापुढे पळीभर पाणी सोडले. कार्तिकीपर्यंत जोराचा फटका वर्ज्य.

अगागा, काय ते हाल! चेंडू लोण्याच्या गोळ्यासारखा समोर यायचा आणि यांनी तो नुसता पलीकडे लोटायचा. क्लबात टिंगल, "चिंतामणराव उपासाचं खेळून राहिले!" पण पावसाच्या उघडिपीत खेळता खेळता गंमत झाली. हाणायचे नाही म्हटल्यावर डोळे उघडे राहू लागले. जाळीपलीकडचा माणूस एकाच जागी उभा असतो आणि बाकीची जागा मोकळी असते, हे त्यांना चाळिशीत कळले! त्या दिवशी ते घरभर नाचले.

कपाचा सामना नेमका कार्तिकी द्वादशीला. नेम आदल्या दिवशीच सुटला होता, उद्यापन तेवढे राहिले होते. जिंकायला एकच गुण हवा असताना केशवरावांचा चेंडू उंच, अगदी डोक्यावर आला. हात शिवशिवला. रॅकेट वर गेली. "हाणा!" सगळा क्लब ओरडला. ताराबाईंनी पदराने तोंड झाकले. फटका ओळखून केशवराव मागच्या तारेपर्यंत पळाले.

आणि चिंतामणरावांनी चेंडू जाळीपलीकडे अलगद ठेवला. केशवराव धावले हो, पण तोवर दोन टप्पे पडून गेले होते.

"अरे बापा! हे कोणापाशी शिकले तुमी?"

चिंतामणराव ताराबाईंकडे वळून ओरडले, "उद्यापन करू का?"

"करा एकदाचं!" त्यांना हसू आवरेना.

चिंतामणरावांनी तोच चेंडू वर उडवला, डोळे मिटले आणि हाणला! चेंडू भिंत, बाभळ ओलांडून गेला तो गेलाच. खांदाही गेला. त्या रात्री ताराबाई न कुरकुरता तेल चोळत होत्या, आणि कप उशाशी घेऊन चिंतामणराव कण्हत कण्हत हसत होते.