एक नळी, दोन कान

आमचे हे जुन्या ब्रिटिश गाड्या दुरुस्त करतात, आणि गाडी अडली की ह्यांचं डोकं फिरतं. ही हिरवी गाडी तर जिवावरच उठली होती. तिला दोन कार्बोरेटर, आणि दोघांनी हवा सारखी ओढायला हवी. म्हणून हे रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात, दुसरं कानाला लावतात आणि हवेचा आवाज ऐकून स्क्रू पिळतात. पण मागचा काही केल्या पुढच्याइतका वाजेना. ह्यांनी दोघांची अदलाबदल केली, तरी मागचाच मंद. मग अख्खं इंजिन उघडून पुन्हा जोडलं. जेवताना लक्ष नाही, झोपेतही बोटं स्क्रू पिळतायत. गाडीचा मालक फोन करकरून थकला.

शेवटी वैतागून मी गॅरेजमध्येच जाऊन उभी राहिले. हे इंजिनावर वाकले होते. पुढच्या कार्बोरेटरला डावा कान, मागच्याला उजवा. वर्षानुवर्षांची सवय!

"अहो, दोन्ही एकाच कानाने ऐका की!"

"तू शिकव आता मला," म्हणत ह्यांनी डाव्या कानाने दोन्ही ऐकले. इतके दिवस पिळून पिळून आता मागचाच जोरात वाजत होता. गाडीत मुळात दोषच नव्हता, ह्यांचा उजवा कान गेला होता.

"चला, डॉक्टरांना दाखवू."

"कान राहू दे. आधी वर्षभरात ह्याच कानाने जुळवून दिलेल्या सगळ्या गाड्या परत बोलाव."

"अहो, एकाचीही तक्रार नाही!"

"त्यांना नसेल कळलं," हे फोन शोधत म्हणाले. "मला कळलंय ना!"