लाल प्रायमर

सांगलीतल्या एका पेंटरनं मला फसवलं. थिनरचा वास आला की अजून डोकं तापतं. वडिलांनी फौजेतून आल्यावर लिलावात घेतलेली जीप मी पुन्हा उभी करत होतो. बॉडी उतरवलेली, गॅरेजात नुसती चेसिस, खालचा लोखंडी सांगाडा. हात फिरवला की तळवा गंजानं लाल व्हायचा. रंगाच्या आधी मला गंज धरू न देणारा राखाडी एपॉक्सी प्रायमर हवा होता. पेंटर हसला. "आवं मालक, फौजी गाडी ही. हिला लाल प्रायमरच शोभतोय. एपॉक्सी म्हंजे नुसते लाड!" शेवटी मी लालला तयार झालो, भांडून भाव पाडला, पण अट घातली, "आधी गंज पार घासायचा. पांढरं लोखंड दिसलं पायजे." "व्हय की," तो म्हणाला. मी कामासाठी साताऱ्याला जाऊन आलो, तोवर प्रायमर मारून झाला होता. वडील काठी टेकत चेसिसभोवती फिरले. "आता हिच्यातनंच औंधला यमाईच्या दर्शनाला जायचं रं." जीप तयार झाल्यावर निघालो, आणि औंधच्या अलीकडे एका खड्ड्यात चेसिस मोडली. वाकून नखानं खरवडलं तर लाल पापुद्रा सुटला, खाली जुना गंज तसाच. दोन्हींचा रंग एक, म्हणून मला वरून दिसलंच नव्हतं. वडील एसटीनं घरी परतले आणि त्या वर्षीच गेले. आज जीप दुसऱ्या चेसिसवर झकास पळते, पण तिच्यातून त्यांचं औंध घडलं नाही ते नाहीच. त्या पेंटरनं माझ्यासमोर उभं राहून याचा जाब द्यावा.